सेवेचे शिक्षण आणि सेवेची नोकरी

समाजकार्याच्या पदवीस प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून बहुधा एकाच बैठकीत दोन प्रश्न ऐकावे लागतात. लोकांची सेवा करायची तर त्यासाठी कॉलेज कशाला पाहिजे, हा पहिला. आणि असली पदवी घेऊन पोट कशावर भरणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात सेवा ही विद्येवाचून आणि वेतनावाचून करावयाची गोष्ट आहे असे गृहीत धरलेले असते, तर दुसऱ्यात जिच्यापासून वेतन मिळत नाही ती विद्याच निरर्थक होय असा निकाल आधीच दिलेला असतो. आणि हे दोन्ही निकाल एकत्र नांदू शकत नाहीत हे विचारणाराच्या सहसा ध्यानात येत नाही. बिचाऱ्या उमेदवारालाही ते त्या घटकेस सुचत नाही, आणि सुचले तरी वडीलधाऱ्यांपुढे बोलून दाखविण्याची सोय नसते.

हे दोन प्रश्न तपासून पाहावयाचे तर वर्धा जिल्ह्याइतके उचित स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे १३,००,७७४ लोकसंख्या, काळी कापसाची जमीन आणि वैशाखात अंगाची लाही करणारे ऊन एवढाच ऐवज असलेल्या या आटोपशीर जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकसेवेच्या जितक्या संस्था रुजल्या तितक्या एखाद्या मोठ्या इलाख्यातही रुजल्या नसतील. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा १९२१ साली वर्ध्यास आले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे मगनवाडीत पडले. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावी राहावयास गेले, आणि त्याच गावाला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. त्याच वर्षी मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली. आणि १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम ही शिक्षणपद्धती निघाली.

१९३६ हे साल समाजकार्याच्या शिक्षणाच्या इतिहासात आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही भारतातील पहिली समाजकार्य शिक्षणसंस्था निघाली. नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ तिचे पहिले संचालक होते, आणि त्यांच्यामागून त्या जागेवर आलेले गृहस्थ म्हणजे जे. एम. कुमारप्पा. मगनवाडीच्या ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे त्यांचे सख्खे धाकटे बंधू. एक भाऊ मुंबईत पदवीधरांना समाजकार्याचे शास्त्र शिकवीत होता आणि दुसरा वर्ध्यात तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन आणि आहारशास्त्र यांत ग्रामसेवकांना तयार करीत होता. आपण या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध मानतो: मुंबईची ती पाश्चात्त्य, व्यावसायिक, पगारी, आणि वर्ध्याची ती देशी, व्रतस्थ, निष्कांचन. परंतु मगनवाडीत राहणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनला हिशेबतपासनिसाची परीक्षा उत्तीर्ण झालेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकलेले आणि गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी घरोघर जाऊन, आकडे जुळवून सिद्ध केलेले विद्वान होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा विरोध पुष्कळसा आपल्याच कल्पनेतला आहे असे दिसू लागते.

व्रतस्थांच्या त्या जगात शिक्षणाला कमी किंमत होती असे म्हणता येत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी मुक्रर केली होती. आजच्या समाजकार्याच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मिळून जेवढी मुदत होते तेवढीच ती होय. हिंगणघाटास १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वकिली सोडून कुष्ठसेवेचा निश्चय केल्यावर केवळ करुणेवर विसंबून न राहता कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात जाऊन त्या रोगाचा रीतसर अभ्यास केला. वेतनाचीही गोष्ट तीच. जमनालालजींनी १९२३ साली गांधी सेवा संघ स्थापन केला त्यामागील एक मुख्य हेतू असा होता की, वकिली, मास्तरकी किंवा सरकारी चाकरी सोडून विधायक कार्यात पडलेल्या माणसांच्या चरितार्थाची काही तजवीज व्हावी. दरमहा मिळणारे निर्वाहवेतन तुटपुंजे असे हे खरे. आणि ते तुटपुंजे असल्यामुळे त्यागी पुरुषाच्या त्यागाचा निम्मा भार घरातील बाईने उचललेला असे, हेही तितकेच खरे, जरी चरित्रग्रंथांत तिच्या वाट्याला बहुधा एखादाच परिच्छेद येत असला तरी.

शिक्षण, सेवा आणि वेतन या तिन्हींची सांगड वर्ध्यात कशी बसली याचे सर्वांत बोलके उदाहरण कुष्ठरोगाच्या कामाचे आहे. १९५१ साली गांधी स्मारक निधीच्या साह्याने वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. वार्डेकर यांच्या नेतृत्वाखाली तिने पाहणी, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची पद्धत बसविली. तोवर कुष्ठरोग्याला वसाहतीत आणून ठेवणे एवढाच मार्ग बहुतेकांना ठाऊक होता. या पद्धतीत रोग्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने गावातील प्रत्येक घरी जायचे, प्रत्येक इसमाचे अंग तपासायचे, शेतावर गेलेल्याची नोंद करून त्याच्यासाठी पुन्हा जायचे, चट्टा आढळल्यास घरच्यांशी बोलून भीती घालवायची आणि वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्यांत खंड पडू द्यायचा नाही असा क्रम होता. हे काम करणारे लोक डॉक्टर नव्हते. ते प्रशिक्षित, पगारी, निमवैद्यकीय कार्यकर्ते होते. सायकलीवरून गावोगाव हिंडणाऱ्या या मंडळींनी जी घरे पिंजून काढली त्यांच्या नोंदींवर पुढील शास्त्रीय काम उभे राहिले, आणि बहुविध औषधोपचाराची नवी पद्धत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी देशात आली तेव्हा ती प्रथम ज्या जिल्ह्यांत राबविली गेली त्यांत वर्धा होता. सेवा म्हणजे काय, याचे उत्तर ज्याला भाषणांतून मिळत नसेल त्याने एखादे जुने पाहणी-रजिस्टर उघडून बघावे.

मुंबईचा प्रवाह दरम्यान आपल्या गतीने पुढे सरकत होता. टाटा स्कूलला १९४४ साली टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. मुंबईत १९५५ साली निर्मला निकेतन आणि पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था निघाली. नागपुरात कमलाताई होस्पेट यांच्या मातृ सेवा संघाने समाजकार्याचे शिक्षण सुरू केले. आणि शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या जिल्ह्याच्या ठिकाणी पोचली. आज वर्ध्यास नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेली अनिकेत समाजकार्य महाविद्यालय, डॉ. आंबेडकर समाजकार्य महाविद्यालय यांसारखी महाविद्यालये आहेत, आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही फ्यूजी गुरुजींच्या नावाच्या केंद्रात हा विषय शिकविला जातो. महाराष्ट्रातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचे अनुदान उच्च शिक्षण खात्याकडून येत नाही. ते सामाजिक न्याय खात्याकडून येते. ज्या खात्याकडे वसतिगृहे आणि आश्रमशाळा, त्याच खात्याकडे ही महाविद्यालये असल्यामुळे प्राध्यापकांच्या दरखास्ती दोन कचेऱ्यांच्या मध्ये कशा लोंबकळतात, ही कहाणी त्या व्यवसायातील कोणीही सांगू शकेल. तिच्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

लहान महाविद्यालयात प्रत्यक्षात शिकवितात काय? पदवीला बी.एस.डब्ल्यू. आणि पदव्युत्तर पदवीला एम.एस.डब्ल्यू. म्हणतात, व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती या सहा पद्धती अभ्यासक्रमाचा कणा होत, त्यांच्या जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदे. परंतु समाजकार्याचे शिक्षण इतर कलाशाखीय शिक्षणाहून ज्यामुळे वेगळे पडते ती गोष्ट म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातून साधारणतः दोन दिवस विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, वस्तीत किंवा गावात जाऊन काम करावयाचे, त्याचा अहवाल लिहावयाचा आणि मार्गदर्शक शिक्षकापुढे बसून त्याची छाननी करून घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. आणि माझ्या मते पदवीचा खरा ऐवज याच अहवालाच्या वहीत असतो.

ही छाननी कशी होते ते जरा जवळून पाहू. पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वहीत असा मजकूर आलेला असतो: कुटुंबप्रमुख आळशी व बहुधा व्यसनी आहेत, मुलांच्या शाळेकडे त्यांचे लक्ष नाही. मार्गदर्शक ‘आळशी’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढतात आणि समासात विचारतात: किती वाजता गेला होता? काय पाहिले? कोणी सांगितले? मुलगी चरफडते, कारण तिने जे लिहिले ते तिला उघड दिसलेले सत्य वाटत असते. पुढल्या खेपेस ती पुन्हा त्या घरी जाते. सकाळचे अकरा वाजलेले असतात. गृहस्थ बाजेवर निजलेले, बायको निंदणाला गेलेली, दोन पोरे अंगणात. या वेळी ती शेजारणीपाशी थांबते. “त्यायची जिनिंगमंधी रातपायी रायते न ताई, सकाळी सात वाजता येतेत घरी,” शेजारीण सांगते, आणि मग आपण होऊन पुढचे सांगते की, धाकटीला सांभाळायला थोरला पोरगा घरी राहतो, कारण अंगणवाडी दुपारच्या आत सुटते आणि माय सांज पडल्याशिवाय वावरातून येत नाही. दुसऱ्या अहवालात ‘आळशी’ हा शब्द उरत नाही. त्याच्या जागी रात्रपाळी, अंगणवाडीची वेळ आणि निंदणाचा हंगाम या तीन गोष्टी येतात, ज्यांपैकी निदान एकीवर काही उपाय करता येण्याजोगा असतो. माणसाविषयीचा शेरा आणि माणसाविषयीची माहिती यांतला हा फरक मेरी रिचमंड या अमेरिकन बाईंनी १९१७ साली व्यक्तिसहाय्यावरील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात सविस्तर मांडला होता. पण तो ग्रंथ वाचून जे समजायला वर्ष लागावे ते तांबड्या शाईच्या दोन रेघांनी एका आठवड्यात समजते.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला या बाबतीत जी अनुकूलता आहे ती मोठ्या शहरातल्या नामवंत संस्थेलाही पुष्कळदा नसते. विद्यार्थी ज्या गावात क्षेत्रकार्याला जातो त्या गावची बोली त्याची स्वतःची असते. कापसाचा भाव, सोयाबीनवरचा रोग, सावकाराचे व्याज आणि सोसायटीचे कर्ज यांची त्याला ओळख करून द्यावी लागत नाही. आणि घरी जाण्याची वेळ कोणती हे त्याला अनुभवाने ठाऊक असते, कारण हंगामात दुपारी गावात म्हातारीकोतारी आणि लेकरे यांवाचून कोणी भेटत नाही. पुष्कळ विद्यार्थी घरातले पहिलेच पदवीधर असतात, आणि ज्या समाजांसाठी कल्याणाच्या योजना काढल्या जातात त्याच समाजांतून ते आलेले असतात, त्यामुळे योजनेचा अर्ज भरणाऱ्याची बाजू त्यांनी भोगलेली असते. भीती एवढीच की, अतिपरिचयामुळे काही गोष्टी दिसेनाशा होतात. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशके दारूबंदी आहे. गावठी दारू कोठे गळते आणि कोठे विकली जाते हे ज्या मुलाला लहानपणापासून माहीत आहे, त्याला त्यात अभ्यासण्यासारखे काही आहे असे वाटावे यासाठीच शिक्षकाला खटपट करावी लागते.

लहान महाविद्यालयांचे दोषही झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि ते एखाद्या जिल्ह्यापुरते नसून राज्यभर दिसतात. प्राध्यापकांच्या मंजूर जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण शिक्षक, जो स्वतःच पुढच्या जूनविषयी साशंक असतो, तो क्षेत्रकार्याचे मार्गदर्शन करतो. त्याच त्या संस्थांत दरसाल विद्यार्थी पाठविण्याचा प्रघात पडतो, आणि मग तेथील कारकून मंडळी त्यांना टपाल लावण्याच्या कामाला जुंपतात. मराठीतील पाठ्यपुस्तके पुष्कळदा इंग्रजी पुस्तकांचे सारांश असतात, आणि त्या सारांशांत शिकागोच्या स्थलांतरितांची उदाहरणे जशीच्या तशी येतात. हिंगणघाटच्या गिरणीतील कामगाराचे, पुलगावच्या दारूगोळा भांडारावर रोजाने जाणाऱ्याचे किंवा पारधी बेड्यावरच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊन लिहिलेले पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती पडले तर त्याला किती लाभ होईल हे निराळे सांगावयास नको.

समाजकार्यात संशोधनाला स्थान कशासाठी, असे विचारणाऱ्यांना कान्हापूरची हकीकत सांगावी. सेवाग्रामच्या परिसरात वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग हे दोघे गडचिरोलीस जाण्यापूर्वी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, वर्ध्याजवळील कान्हापूर व आसपासच्या गावांत काम करीत होते. तेथील शेतमजुराला आजारापेक्षा मजुरीचा प्रश्न अधिक जाचतो असे दिसल्यावर त्यांनी किमान वेतनाचा सरकारी हिशेबच तपासावयास घेतला. मजुरी ठरविताना मजुराला किती अन्न लागते, त्याच्या कमाईवर घरात किती माणसे जगतात आणि वर्षातून किती दिवस काम मिळते याविषयी जी गृहीतके धरली होती ती वस्तुस्थितीला सोडून होती. आणि ती दुरुस्त केल्यावर चार रुपयांच्या जागी बारा रुपये असा आकडा निघाला. पुढे शासनाला दर वाढवावा लागला. दोन डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे काही हजार लोकांच्या पोटात गेली असतील. त्यांनी केलेली आकडेमोड राज्यातील लक्षावधी मजुरांच्या हाती पडली. संशोधन-पद्धतीचा पेपर केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकीकत पहिल्याच तासाला सांगितलेली बरी.

आता पोटाच्या प्रश्नाकडे वळू. समाजकार्याच्या पदवीधराला सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भक्कम क्षेत्र म्हणजे रुग्णालय. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, आणि आज शासकीय रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. वर्ध्यास तर दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत: सेवाग्रामचे १९६९ साली निघालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आणि सावंगीचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेली एक योजना मला या विद्येच्या दृष्टीने फार उद्बोधक वाटते. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत अशी व्यवस्था बसविली गेली की, शेतकऱ्याने सुगीच्या वेळी आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी, आणि त्या ज्वारीच्या बळावर त्याच्या कुटुंबाला वर्षभर उपचारांची हमी मिळावी. ज्याच्या हाती रोकड केवळ कापूस विकल्यावर येते त्या माणसाला विम्याचा हप्ता धान्यात भरता येणे याचे मोल किती, हे खेड्यात राहिलेल्यालाच कळेल.

रुग्णालयातील समाजसेवकाचे रोजचे काम मात्र इतके काव्यमय नसते. त्याच्या टेबलापुढे सकाळी रांग लागते ती कागदांसाठी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना लाभ मिळे. पांढरी शिधापत्रिका असलेला शेतकरी बाहेर राही. पण आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या, म्हणजे वर्ध्यातल्याही, पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून त्यात शिरण्याची तरतूद होती. सातबारा बापाच्या नावे, शिधापत्रिका भावाच्या कुटुंबात, आधारपत्रावर नावाचे स्पेलिंग तिसरेच, आणि रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याच्या बेतात, अशा वेळी कोणता दाखला कोणत्या कचेरीतून दुपारपर्यंत आणता येईल हे ज्याला तोंडपाठ आहे आणि रोग्याच्या घाबरलेल्या बायकोला खुर्चीवर बसवून पाणी देण्याइतके ज्याचे भान शाबूत आहे, तोच या जागेला लायक. पहिली गोष्ट नियमांच्या वाचनाने येते. दुसरी क्षेत्रकार्याने यावी अशी अपेक्षा असते.

दुसरे क्षेत्र कायद्यांनी निर्माण केले आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाला मंडळापुढे आणल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्याच्या सामाजिक परिस्थितीच्या चौकशीचा अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याने द्यावयाचा असतो. आणि हा अहवाल म्हणजे वर वर्णिलेल्या वहीचेच प्रौढ रूप होय, इतकेच की येथे ‘आळशी’ हा शब्द राहून गेला तर त्याचा परिणाम एका मुलाच्या आयुष्यावर होतो. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समितीपुढे येणारी प्रकरणे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातील संरक्षण अधिकारी, कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशक ही सारी याच वाटेवरची कामे. टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ साली सुरू केलेले स्त्रिया व मुलांसाठीचे विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरले, आणि पोलिसांच्या आवारात बसूनही पोलीस नसलेली बाई पीडितेच्या बाजूने बोलू लागली, ही घटना महाराष्ट्राच्या प्रशासनात लहान नव्हे.

बाकीच्या क्षेत्रांचा उल्लेख थोडक्यात पुरे. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. पण हिंगणघाट आणि पुलगावच्या जुन्या कापड गिरण्यांचे वैभव ओसरल्यावर जिल्ह्यात अशा जागा फार थोड्या राहिल्या. एच.आय.व्ही. तपासणी केंद्रांतील समुपदेशक, उमेद अभियानातील बचत गटांचे काम, मानसिक आरोग्याचे जिल्हा कार्यक्रम, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चण्याचे बंधन घातल्यावर उभी राहिलेली प्रतिष्ठाने ही नवी ठिकाणे आहेत. वर्ध्यात बजाज घराण्याचे कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशन गावोगावी पाण्याचे व शेतीचे काम करते. मनोरुग्णांच्या क्षेत्रात जावयाचे असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील व्याख्येप्रमाणे एम.एस.डब्ल्यू. नंतर मनोरुग्ण समाजकार्यातील दोन वर्षांचा एम.फिल. लागतो, आणि त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. अध्यापनासाठी नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. त्यापुढे जागा निघण्याची वाट पाहणे हे आलेच.

उमेदवाराने जाहिरात वाचताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. काही पदांसाठी समाजकार्याची पदवी अनिवार्य असते. काहींसाठी ‘प्राधान्य’ एवढाच शब्द असतो, आणि मग त्याच जागेवर कोणत्याही शाखेचा पदवीधर स्पर्धा परीक्षेच्या गुणांवर येऊन बसतो. वैद्यक किंवा वकिली यांना जशी वैधानिक परिषद आहे तशी समस्त समाजकार्य व्यवसायाला आपल्या देशात नाही. आरोग्यक्षेत्रातील समाजसेवकांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात झाला आहे, इतरांचा प्रश्न तसाच आहे. परिषद नसल्यामुळे पदवीला कुंपण नाही, आणि कुंपण नसल्यामुळे मोबदल्याला तळ नाही. नव्या जागांपैकी बहुसंख्य कंत्राटी असतात. पगाराऐवजी मानधन, आणि करार अकरा महिन्यांचा, जो मध्ये एक-दोन दिवसांचा खंड देऊन पुन्हा करावयाचा. बालकांच्या संरक्षणाविषयी दिवसभर इतरांना समजावून सांगणाऱ्या समुपदेशिकेला स्वतःच्या बाळंतपणाच्या रजेविषयी वरिष्ठांकडे बिचकत अर्ज करावा लागावा, ही विसंगती शासनाच्या ध्यानी येऊ नये याचे नवल वाटते. त्यागाच्या जुन्या परंपरेचा हवाला देऊन या स्थितीचे समर्थन करणारे लोकही भेटतात. गांधी सेवा संघाच्या कार्यकर्त्याने थोडे वेतन स्वखुशीने पत्करले होते आणि त्या वेतनामागे आयुष्यभराची एक संस्था उभी होती. येथे वेतन थोडे आणि संस्था अकरा महिन्यांची.

म्हणून या पदवीकडे वळणाऱ्याने घरच्यांना खोटी आशा दाखवू नये. पदवी हाती पडताच जिल्ह्यातच कायम नोकरी मिळेल अशी शक्यता थोडी. पहिली काही वर्षे नागपूर, यवतमाळ, गडचिरोली किंवा पुणे-मुंबईकडे प्रकल्पांवर काढावी लागतील, आणि त्या काळात इंग्रजी अहवाललेखन व संगणकावरील हिशेब या दोन गोष्टी ज्याला येतात त्याला न येणाऱ्यापेक्षा लवकर बोलावणे येईल. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन इमारत पाहण्यापेक्षा क्षेत्रकार्याच्या संस्थांची यादी मागावी, मागच्या वर्षीचे विद्यार्थी कोणत्या गावांत गेले होते ते विचारावे, आणि जमल्यास एखादी जुनी अहवालवही चाळून तिच्या समासात मार्गदर्शकाचे हस्ताक्षर आहे की केवळ सही, हे बघावे.

स्वतःची संस्था काढण्याची हौस वर्ध्याच्या हवेतच आहे. सात सभासद जमविले की १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे नोंदणी होते, आणि वर्षभरात पत्र्याची पाटी लागते. पुढे विश्वस्त बदलले तरी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत चेंज रिपोर्ट दाखल होत नाही, लेखापरीक्षण दोन-तीन वर्षे तुंबते, प्राप्तिकराच्या सवलतीचे नूतनीकरण राहून जाते, आणि एखादी देणगी येऊ घातली की नेमके तेव्हा हे सारे उघडकीस येते. जुन्या, नामांकित संस्थांतही या कामात वाकबगार माणसांची वाण आहे, कारण हे काम शिकविणारा समाजकल्याण प्रशासनाचा पेपर विद्यार्थ्यांना सर्वांत रुक्ष वाटतो आणि तो बहुतेकांनी गाइडवरून उरकलेला असतो. पदवीनंतरची दोन-तीन वर्षे एखाद्या चालत्या संस्थेच्या दफ्तरात बसून ठराववही, जमाखर्च आणि वार्षिक अहवाल हाताखालून घातलेल्या मुलाला मग नवी संस्था काढण्याची घाई सहसा राहत नाही. आहे तीच संस्था त्याला सोडीत नाही.